मधली ओळ

“थांब, थांब! जिराफाच्या नाकावर उभी आहेस तू.”

मावशीनं भाचीचा घोटा धरून पाय अलगद बाजूला ठेवला. जमिनीवर जुनी चादर अंथरलेली होती आणि तिला कच्च्या टाक्यांनी पंधरा चौकोन अडकवले होते. तीन-तीनच्या पाच ओळी. छापील कापड, चौकोनागणिक एक प्राणी. दुकानातला त्या छापाचा शेवटचा तुकडा मावशीच्या पदरात पडला आणि तेव्हापासून तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. सकाळपासून दोनदा केलेला चहा दोन्ही वेळा निवून गेला होता.

रविवारी ती येणार होती. ताईच्या नव्या नवऱ्याची लेक, सहा वर्षांची. ती आणि आठ वर्षांची ही भाची, भिंगरी, आता एकाच खोलीत, एकाच पलंगावर. पलंग अरुंद, म्हणून एकीचं डोकं खिडकीकडे आणि दुसरीचं दाराकडे, असं ठरलं होतं. वर गोधडी मात्र एकच, हीच.

एरवी भिंगरीच्या तोंडाला खीळ नसायची. पण रविवारचा विषय निघाला की पोर गप्प. आठवडा झाला, एक अक्षर नाही. त्या गप्प बसण्याचाच मावशीला घोर लागला होता.

“शीर बघू खाली. डोकं खिडकीकडे कर, पलंगावर करतेस तसंच. आणि सांग कसं दिसतं.”

भिंगरी चादरीखाली सरपटत गेली. डोकं बाहेर काढून तिनं हनुवटी छातीला टेकवली.

“मावशी, हे सगळे डोक्यावर उभे आहेत!”

मावशीनं कपाळावर हात मारला. दारात उभं राहून मांडणी केली होती तिनं, येणाऱ्याजाणाऱ्याला सरळ दिसेल अशी. आजवर गोधड्या ढीगभर शिवल्या, पण त्या फुलांच्या नाहीतर नक्षीच्या. फुलाला कुठलं आलंय डोकं आणि कुठले पाय!

तिनं चादरीची दोन टोकं धरली आणि अख्खी चादर गर्रकन उलट दिशेला फिरवली.

“आता?”

“आता बरोबर! बदक माझ्याकडे बघतंय!”

मावशीचा हात मशीनकडे वळलाही. एकदा शिवलं की शिवलं. हे कापड उसवलं तर भोकं राहणार, आणि बदली चौकोन आता कुठे मिळायला? पण तेवढ्यात चादरीखाली एक उंचवटा सरकू लागला. भिंगरी आतल्या आत रांगत दाराच्या टोकाला गेली, तिकडून डोकं काढून उताणी पडली. हनुवटी छातीला टेकवून तिनं प्राण्यांवरून नजर फिरवली.

“काय झालं गं?”

“ती इथं झोपणार ना?”

“हो.”

“तिला सगळे उलटे.” भिंगरी छताकडे बघत होती. “रोज.”

मावशी मशीनकडून वळली ती थेट चादरीवर बसली.

“ऊठ, ऊठ! कात्री कुठंय? राहू दे, दातांनीच तोडते.”

दोघी गुडघ्यांवर रांगू लागल्या. टाके तटातट तुटले, धागे केसांत अडकले. दाराकडच्या दोन ओळी फिरल्या. खिडकीकडच्या दोन तशाच राहिल्या. ओले हात पुसत ताई आली ती उंबऱ्यातच थबकली.

“अगं, हे काय! अर्धे सरळ, अर्धे उलटे? बघणारा म्हणेल, शिवणारीला दिसत नाही.”

“बघणारा उभा असतो, ताई. त्यानं यावं फिरून. झोपणारीनं का मान मोडायची?”

“चारचौघांत नाव आहे तुझं.”

“नाव पांघरून झोपता येतं का?”

ताईला हसू आवरेना. पण मावशीचं लक्ष आता मधल्या ओळीवर होतं. दोघींच्या वाटणीला सहा-सहा आले, तीन उरले होते. हत्ती, मांजर, कासव. सगळ्यांत देखणे तेच.

भिंगरीनं तिघांवर हात पसरले. “हे माझे. मी मोठी आहे.”

मावशीनं सुईत दोरा ओवला.

“बरं. तुझ्याकडे तोंड करून घालू?”

भिंगरी दाराच्या टोकाकडे बघत राहिली, जिथं मघाशी स्वतः पडली होती तिथं. मग तिनं हात उचलले. हत्तीला धरून आडवं केलं. मग मांजराला. मग कासवाला. तिघंही कुशीवर, पाय भिंतीकडे.

“आता हे आडवे पडलेले कुणाचे म्हणायचे?” ताई म्हणाली. “तुझे, की...”

भिंगरी टुणकन उठली आणि तिनं आईच्या तोंडावर हात ठेवला.

“हळू बोल ना! झोपलेत ते.”