रिकामी यादी

"एका ओळीचं काम आहे हे. त्यासाठी भाषेत नवं फंक्शन कशाला?" रूडने लॅपटॉप मिटायलाच घेतला.

नेदरलंड्समधल्या युट्रेख्ट शहरातल्या त्या खोलीत भार्गवीसमोर तिघं बसले होते. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रोग्रॅमिंग भाषेत नवं काय घ्यायचं, ते हे तिघं ठरवत. एकानेही नाही म्हटलं की प्रस्ताव बाद. भार्गवीचा प्रस्ताव तर दुसऱ्यांदा आला होता, आणि तिसरी संधी नियमात नव्हती.

मागणी साधी होती. या भाषेत अ‍ॅरे म्हणजे माहितीचे खण. खणांना शून्यापासून ओळीने, एकही आकडा न गाळता क्रमांक असतील तर ती सरळ यादी. नाहीतर नुसता पसारा. पण समोर आलेला अ‍ॅरे यादी आहे की पसारा, हे भाषेलाच विचारायची सोय नव्हती. जो तो आपापली तपासणी लिहून वेळ मारून नेत होता. भार्गवीला ती सोय हवी होती, भाषेतच, सगळ्यांसाठी एक.

मागच्या वर्षी तिने स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता. कल्पना चांगली आहे, असं रूड म्हणाला, आणि ती सवयीने लाजून बोलून गेली, "छे, त्यात काय! अगदी किरकोळ आहे हो." आपल्याकडे यावर समोरचा म्हणतो, किरकोळ कसलं, कमाल केलीत. रूडने मान डोलावली आणि लिहून घेतलं: किरकोळ. प्रस्ताव तिथेच गारद.

तिचा नवरा सारंग घरी पोट धरधरून हसला होता. "अगं, डच लोक आहेत हे! तू किरकोळ म्हणालीस ना, त्यांच्यासाठी मॅटर क्लोज." भार्गवीला हसू आलं नव्हतं. नवऱ्याच्या व्हिसावर इथे येऊन, काही वर्षं घरी बसून, ती मोठ्या मुश्किलीने पुन्हा कामाला लागली होती. आपल्या कामावर आपणच पाणी फिरवलं, याची तिला भयंकर चीड आली होती.

या वर्षी नम्रता तिने घरीच ठेवली होती.

"हे किरकोळ नाही," ती म्हणाली. "एका ओळीचं काम आहे ना? मग लिहा. तिघंही. आत्ताच."

तिघं हसले आणि लिहू लागले. भार्गवीने एकेकाची ओळ पडद्यावर चालवून दाखवली. पहिलीने मधला क्रमांक गाळलेल्या अ‍ॅरेला खुशाल यादी म्हटलं. दुसरीने उलटसुलट क्रमही गोड मानून घेतला. तिसरी रूडची. ती पुष्कळ टिकली. मग भार्गवीने तिला एकही खण नसलेला, रिकामा अ‍ॅरे दिला. ओळ म्हणाली, ही यादी नाही.

"रिकामा झाला म्हणून डबा काय डबा राहत नाही?" भार्गवीने विचारलं. "तुमच्यासारखे जाणकार लोक, आणि तिन्ही ओळी चुकल्या. म्हणून हे भाषेतच हवं."

दोन हात वर गेले. रूड मात्र पडद्याकडेच बघत बसला. काहीतरी गोड बोलून सारवासारव करायची जुनी ऊर्मी तिने गिळून टाकली. तेवढ्यात रूडनेही हात वर केला.

"तुझं मत कसं काय बदललं?" तिघांतल्या शेजारच्या बाईंनी त्याला विचारलं.

"ही ओळ मी आत्ता रचलेली नाही, कामावरून उचलून आणली," रूड म्हणाला. "आमच्या पोल्डरमधलं, म्हणजे समुद्र हटवून मिळवलेल्या सखल जमिनीतलं, पाणी उपसणारे पंप आहेत ना, त्यातल्या बिघडलेल्या पंपांची यादी ती तपासते, कित्येक वर्षं; ही यादी नाही असं ती म्हणाली की धोक्याची घंटा. सगळे पंप ठणठणीत असले की नेमकी ती घंटा का वाजते, आणि मी सायकल घेऊन का धावतो, ते आज कळलं."