मायची ना

"मायले इचारल्याबिगर डोंगा लोटू नको, सुकरू," असं बाप सांगायचा. माय म्हणजे वैनगंगा. तेव्हा नदी उत्तर देत नव्हती, म्हणून विचारणं सोपं होतं. आता वैनगंगेच्या तळाशी ऐकणारी, आठवण ठेवणारी यंत्रं पेरली होती आणि काठावरच्या खांबातून नदी बोलायची.

फुलवंतानं डोंग्यात तांदूळ, ताडपत्री, चुलीचे तीन दगड भरले. तिचा भाऊ ज्या बेटापाशी बुडाला तिथं तिला एक रात्र काढायची होती. दाट धुक्यात तो गेला, हाकसुद्धा आली नाही, असं तिच्या नवऱ्यानं, सुकरूनं, तिला सांगितलं होतं.

सुकरूनं हात जोडले. "दोघं जातो, माय. एका रातीचा मुक्काम."

"फुलवंता येऊ दे. तू नको," नदी म्हणाली.

"तुम्हाले ना म्हणायचा मायचा तिसरा दिवस हा!" फुलवंता कडाडली. "काय केलं तुम्ही मायचं?"

"यंत्र बिघडलं असंल."

"तुमच्यापुरतंच बिघडते का?"

"सुकरू," नदी म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?"

सुकरू वल्हं धरून खाली बसला.

"हाक आली होती, फुले. डोंगा मासळीनं भरला होता. त्याले घ्याचं तर मासळी टाकावी लागली असती. मी वल्हवत घरी आलो."