रिकाम्या घरांचा धूर

गंगव्वाच्या थोरल्या लेकीचं, कल्पनाचं, लग्न झालं ते साल सत्तावन्न. त्याच उन्हाळ्यात गंगव्वानं शहराबाहेर, यशवंतपुरापलीकडच्या माळावर चुली पेटवल्या. स्वतःची एक नव्हे, अख्ख्या ओळीच्या.

नव्या सरकारी कारखान्यातल्या बेळगावकडच्या कामगारांनी माळावर घरं बांधली होती. पण पाणी नव्हतं. म्हणून घरांना कुलपं, आणि माणसं शहरात भाड्याच्या खोल्यांत. फक्त गंगव्वा, नवऱ्याला घेऊन, लांबच्या विहिरीवरून घागरी वाहत तिथं राहत होती. वस्ती दिसली तरच नळ मिळेल, असं पाणीखात्याचा इंजिनियर मागं सांगून गेला होता. आता तो शेवटचं पाहायला यायचा होता. नाही म्हणाला तर घर विकून आपलं गाव, निपाणी, गाठायचं, हे तिच्या नवऱ्यानं, देवाप्पानं, ठरवूनच टाकलं होतं.

गंगव्वा शहरात फिरून घरोघरच्या किल्ल्या मागून घेऊन आली.

"सरकारला फसवतीस व्हय गं?" चुलीत काटक्या सारत देवाप्पा म्हणाला.

"फसवते कुटं? मानसं येनारच हाईत. मी निस्तं आदी सांगते. तुमी फुंका, स्वल्प जोरात."

जीप आली. लांबूनच सगळ्या छपरांवर धूर बघून इंजिनियर पद्माकर खूश झाला. मग तो एका घरात वाकून शिरला. मग दुसऱ्यात. तिसऱ्यातून बाहेर आला तो डोळे चोळतच, आणि थेट गंगव्वाच्या दारात उभा राहिला.

"अक्का, घरात माणूस नाही, चुलीवर भांडं नाही. मला काय खुळा समजलात?"

देवाप्पानं मान खाली घातली. गंगव्वा चुलीपुढून उठली नाही.

"सरकार आधी माणसं बघतं, मग पैसा घालतं," पद्माकर म्हणाला.

"चूल मी पेटवली साहेब. भांडी बी चढवते. आत घालायला पानी तुमी द्या."

पद्माकरनं दारातूनच ओळीतले धूर मोजले आणि आकडा वहीत लिहिला. मग जीपमध्ये जाऊन बसला.

पुढच्या होळीआधी नळ आला. नळामागून माणसं आली, माणसांमागून पिठाची गिरणी, कापडाचं दुकान, मग बस.

गंगव्वा वारली अडुसष्टच्या पौषात, पहाटे. त्या सकाळी ओळीतलं प्रत्येक घर माणसांनी भरलेलं होतं, आणि एकाही छपरातून धूर निघाला नाही.