गव्हाणीतली धाटं

सकाळी अनुसयाबाई तांबूला कडबा टाकत. गाय नुसती पानं खाई, जाड धाटं तशीच ठेवी. दुपारी त्या झोपून उठत, तर गव्हाण लख्ख. धाटं जात तरी कुठं? सुनेचं माहेर दोन घरं सोडून, आणि तिथं म्हैस. पाणी कुठं मुरतंय ते त्यांनी ओळखलं.

आज त्या झोपल्याच नाहीत; गोठ्याच्या कुडाआड उभ्या राहिल्या.

सून आली. उरलेली धाटं तिनं विळ्यानं बोटबोटभर तोडली, वर मिठाचं पाणी शिंपडलं. तांबू कराकरा खाऊ लागली.

"अख्खं धाट चावायचा कंटाळा होय गं तुला?" सून गायीला म्हणाली. "आत्याबाईंच्या हातात तोडायचा जोर नाही राहिला. त्यांना सांगू नकोस हं."

अनुसयाबाईंनी पुढं होऊन मिठाच्या पाण्याचा तांब्या उचलला. "तू तोड. शिंपडायला काही जोर लागत नाही."