अण्णांची टपालफेरी

आमचे अण्णा रिटायर्ड पोस्टमन. "रोज चाळीस किलोमीटर सायकल हाणली, तेव्हा तुम्ही शिकलात," हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. मी पक्का टवाळ. त्यांच्या सायकलला अंतर मोजणारा वायरलेस मीटर बसवला आणि त्यांची जुनी टपालफेरी गुपचूप मारून आलो. भरली तेरा पॉइंट चार!

घरी बार उडवणार, तेवढ्यात सायकलवरचा नवा मीटर बघून आईच सुनांसमोर म्हणाली, "अहो, आज फेरी माराच. कळू दे सगळ्यांना, माझ्या माणसानं किती हाडं झिजवलीत ते."

अण्णांचा चेहरा पडला. माझंही काळीज हललं. मीटर त्यात भरलेल्या चाकाच्या मापावरून अंतर मोजतो, म्हणून मी हळूच ते माप तिप्पट करून ठेवलं.

अण्णा परतले. चाळीस पॉइंट दोन! आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मेडल तिलाच मिळालंय.

अण्णांनी मला कोपऱ्यात ओढलं.


"गाढवा, तुझा मीटर बिघडलाय. फेरी तेराचीच आहे, बाकीचा वेळ मी कॅरम खेळायचो. पण खबरदार दुरुस्त केलास तर!"