घासलेली चांदी

शेवंतीने डबी उघडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आतली चांदीची पट्टी आरशासारखी लखलखत होती.

"आये, कोनी घासली ही?"

"मीच," जनी कौतुकाने म्हणाली. "काली पडलेली. दंतमंजन लावून घासली. मोठ्या लोकांत नेनार तू. कोलनीच्या घरात चांदी घासाला कोन नाय, असा बोलतील ना."

चेंदणी कोळीवाड्यात देवाची चांदी घासावी ती जनीनेच. पण लेकीचा चेहरा उतरला होता.

"मळ नव्हता गं तो. मी मुद्दाम खरबरीत केलेली," शेवंती पट्टी उजेडात धरत म्हणाली. "त्यावर रक्तातलं हिमोग्लोबिन बसवलेलं. उद्या लॅबमधल्या मशीनवर त्याच्यावर लेसर टाकायचा आणि ते चांदीला कसं धरून बसतं ते बघायचं. गुळगुळीत चांदीवर काहीच दिसत नाय."

त्या मशीनवर नंबर लागावा म्हणून पोरीने वर्षभर वाट पाहिली होती. पीएचडी त्यावरच अडलेली. जनीला हिमोग्लोबिन कळलं नाही, पण आपणच पोरीच्या पायावर धोंडा पाडला एवढं बरोबर कळलं.

शेवंती पदर खोचून उठली. उद्यासाठी सोबत आणलेली हिमोग्लोबिनची बाटली थर्मासमधल्या बर्फात शाबूत होती. नाक्यावरच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं, त्यात मीठ विरघळवलं. टॉर्चचे सेल, दोन वायरी आणि पेन्सिलीचं शिसं एवढ्यावर घरातच प्रयोगशाळा मांडली.

"आये, ही वायर धर. हलू नको."

जनीने श्वास रोखून वायर धरली. शेवंतीने जोडणी एकदा सुलटी केली, मग उलटी. चकचकीत चांदी हळूहळू मंद झाली, करडी झाली, शेवटी काळपट पडली. ती पुन्हा खरबरीत झाली तसा पोरीचा चेहरा उजळला. तिने पट्टी धुतली आणि बाटलीतला थेंब अलगद तिच्यावर सोडला.

एवढ्यात शेजारची मालू दारात डोकावली. "अगो जनी, तुझ्या घरात चांदी, नि ती काली?"

जनी ताठ बसली.

"घासाची अक्कल मना हाय," ती म्हणाली. "काली कराची अक्कल सगल्या कोलीवाड्यात एकट्या माझ्या पोरीला हाय."