आतून लावलेली कडी

ऑफिसात परत यायचा हुकूम निघाला तेव्हा सगळ्यात मोठ्याने भांडलो तो मी. "घरी म्हातारी आई एकटी असते, तिच्याकडे कोण बघणार?" असं भर बैठकीत म्हणालो. मॅनेजरबाईंचेही डोळे पाणावले.

खरं म्हणजे घरून काम करायचो ती तीन वर्षं मी आतल्या खोलीला कडी लावून बसायचो. आईने दार वाजवलं, की "मीटिंग चालू आहे, आई," म्हणायचो. बहुतेक वेळा मीटिंग नसायचीच.

आज ऑफिसातला पहिला दिवस. दुपारी आईचा फोन आला.

"उगाच तुला त्रास नको म्हणून फोन केला रे. गोळ्यांच्या बाटलीचं झाकण निघत नाहीये. मघाशी दार वाजवलं, तर मीटिंग चालू आहे म्हणालास."

"आई, मी ऑफिसात आहे. सकाळी तुझ्यादेखतच निघालो ना?"

"मला वाटलं, लवकर परत आलास. हा काय, आत बोलतोयस की!"

तिने पुन्हा दार वाजवलेलं मला फोनमधून ऐकू आलं. पाठोपाठ माझाच वैतागलेला आवाज आला, "मीटिंग चालू आहे, आई."

माझे कान तापले. बाहेर उभं राहून तो आवाज असा ऐकू येतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

"आई, त्या दारापासून लांब हो. आत्ताच्या आत्ता शेजारी जा!"

तेवढ्यात कडी सरकली.

"अगंबाई, उघडलंस!" तीन वर्षांत मी तिला इतकं हरखलेलं ऐकलं नव्हतं. "ये, बस जरा माझ्यापाशी."

आणि तिने माझा फोन ठेवून दिला.